नागासाकी : दुभाष्यांचे बंदर

रायपूरचा आणि समुद्राचा संबंध काय, असे कोणी विचारले तर आपण तो प्रश्न हसण्यावारी नेऊ. लोहमार्गाने विशाखापट्टणमचा किनारा गाठायचा तरी पाचशे किलोमीटरहून अधिक अंतर तोडावे लागते. खारून नदीचे पाणी शिवनाथ आणि महानदी यांच्या सोबतीने बंगालच्या उपसागरास मिळते, एवढेच काय ते आपले सागराशी नाते. तरीही छत्तीसगढच्या भूमीतील एका वस्तूने सागर ओलांडला आहे आणि तोही थेट जपानपर्यंत. बस्तरमधील बैलाडिलाच्या डोंगरांतील लोहखनिज जपानला पाठविता यावे, या प्रमुख हेतूने १९६० च्या दशकात किरंदुल ते कोत्तवलसा हा घाटांतून व बोगद्यांतून जाणारा लोहमार्ग उभा राहिला. त्या मार्गाने विशाखापट्टणम बंदरात उतरलेले तांबूस दगड कित्येक दशके जपानच्या पोलाद कारखान्यांकडे जात राहिले. गंमत अशी, की लोहयुक्त मातीपासून सिद्ध होणाऱ्या तांबड्या रंगास जपानी भाषेत ‘बेंगारा’ म्हणतात आणि तो शब्द आला आहे ‘बंगाल’ या नावावरून!

भारतातील वस्तू आणि त्यांच्यासोबत त्यांची नावे जपानमध्ये ज्या बंदरांतून शिरली, त्यांत अग्रमान नागासाकीचा. या शहराचे नाव उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे ९ ऑगस्ट १९४५ हा एकच दिवस उभा राहतो. तो विसरता येणार नाही आणि विसरूही नये. परंतु त्या दिवसाच्या मागे पावणेचारशे वर्षांचा इतिहास उभा आहे आणि त्या इतिहासात आपल्या कोकण किनाऱ्यावरील वसईच्या एका सुपुत्राचे नाव कायमचे कोरले गेले आहे. मराठी वाचकास ते फारसे ठाऊक नाही, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

जपानच्या नैर्ऋत्येकडील क्यूशू बेटाच्या पश्चिम टोकाला डोंगरांच्या कुशीत शिरलेली एक लांबट, चिंचोळी खाडी आहे. बाहेरच्या वादळवाऱ्याचा तिच्या पाण्यास फारसा उपद्रव होत नाही आणि जहाजे अगदी आतपर्यंत येऊ शकतात. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या खाडीच्या काठी नाव घेण्याजोगे गाव नव्हते. ओमुरा सुमितादा या स्थानिक सरदाराने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १५७१ मध्ये पोर्तुगीज जहाजांसाठी हे बंदर खुले केले. गोवा, मलाक्का, मकाव आणि नागासाकी असा तो सागरी मार्ग होता. त्याच्या पश्चिमेकडील टोकाशी आपली वसई व चौल ही बंदरे जोडलेली होती. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली होती, तर चौलला त्यांचे ठाणे त्याहूनही आधी, १५२१ पासून उभे राहू लागले होते.

या मार्गावरून काय काय गेले असेल? चौलचे रेशीम गेले. जपानमध्ये ‘चाउ-जिमा’ नावाचे एक पातळ, रेघारेघांचे रेशमी वस्त्र प्रतिष्ठित पुरुषांच्या पोशाखासाठी वापरले जाई. त्यातील ‘चाउ’ म्हणजे आपले चौल. पुढे क्योतोचे विणकर ते वस्त्र स्वतःच विणू लागले, पण नाव मात्र रेवदंड्याशेजारच्या या गावाचेच राहिले. आज चौलच्या नारळी-पोफळीच्या वाडीत उभ्या असलेल्या माणसास आपल्या गावाचे नाव क्योतोच्या हातमागावर पोहोचले होते, हे सांगितले तर त्याचा विश्वास बसणार नाही. कोरोमंडल किनाऱ्याचे पट्टेदार कापड गेले, छापील कापड गेले. त्या छापील कापडास जपानी माणूस आजही ‘सारासा’ म्हणतो. शब्दांचीही अशीच देवघेव झाली. पोर्तुगीजांनी आपल्याला ‘पाव’ दिला, जपानला ‘पान’ दिला. वस्तू एकच आणि शब्दही मुळात एकच. आपला कप्तान तिकडे ‘कापितान’ झाला.

या वाटेने माणसेही गेली. त्यांपैकी एक गोन्सालो गार्सिया. त्यांचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई वसईचीच. वसईच्या किल्ल्यात जेझुइट धर्मगुरूंच्या छायेत त्यांचे बालपण गेले आणि कोवळ्या वयातच त्यांच्याबरोबर ते जपानला पोहोचले. तेथे त्यांनी जपानी भाषा अशी आत्मसात केली, की धर्मोपदेशाच्या कार्यात ते जेझुइटांचा उजवा हात बनले. मात्र त्यांना संघात पूर्ण प्रवेश मिळाला नाही. तेव्हा ते बाहेर पडले आणि व्यापारी झाले. व्यापारात त्यांचा जम उत्तम बसला. पुढे फिलिपिन्समध्ये मनिला येथे त्यांनी तो व्यापार सोडला आणि फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून प्रवेश घेतला.

१५९३ मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरास जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे शिष्टमंडळ पाठवायचे होते. प्रमुख होते फादर पेद्रो बाप्तिस्ता. पण त्यांना जपानी येत नव्हते. हिदेयोशीसमोर बोलणार कोण? ही कामगिरी वसईच्या गोन्सालोंकडे आली. ज्या पुरुषाच्या एका शब्दावर जपानातील सरदारांची मस्तके डोलत वा गळून पडत, त्याच्यासमोर बसून एका राज्याचे म्हणणे दुसऱ्याच्या भाषेत मांडण्याचे काम एका कोकणी मातेच्या पुत्राने केले. हे काम किती नाजूक असते, हे घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि बाजारात छत्तीसगढी बोलणाऱ्या रायपूरकर मराठी माणसास निराळे सांगायला नको. एखादा शब्द जरा इकडचा तिकडे झाला, की अर्थ बदलतो. तेथे तर प्राणांशी गाठ होती.

हिदेयोशीची मर्जी तीन वर्षे टिकली. क्योतोमध्ये मठ उभा राहिला, रुग्णालये निघाली. १५९६ मध्ये सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यावरील मौल्यवान माल जप्त झाला आणि त्या प्रकरणातून धर्मोपदेशक हे परकीय आक्रमणाचे अग्रदूत असल्याचा संशय बळावला. चोवीस जणांना मृत्युदंड फर्मावण्यात आला. त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची क्योतोच्या रस्त्यांवरून धिंड काढण्यात आली. त्यानंतर ऐन हिवाळ्यात, सुमारे महिनाभर, त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. वाटेत त्यांची शुश्रूषा करणारे दोघेही त्यांच्यात सामील केले गेले आणि संख्या सव्वीस झाली. शिक्षेसाठी नागासाकीच निवडले, कारण तेथील वस्ती बहुतांशी ख्रिस्ती होती. दहशत तेथेच बसायला हवी होती. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर, बंदराच्या दिशेने तोंड करून सव्वीस क्रूस उभे राहिले. त्यांवरील वीस जण जपानी होते, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा आणि एक वसईचा. सर्वांत लहान मुलगा बारा वर्षांचा होता.

या घटनेकडे केवळ धर्मच्छळ म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. तीमागे राजकारण होते, व्यापारातील चढाओढ होती, पोर्तुगीज व स्पॅनिश यांचे आपसातील हेवेदावेही होते. दोन सत्तांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसांची किंमत अशा वेळी सर्वांत आधी वसूल होते, एवढे मात्र खरे. गोन्सालो गार्सियांना १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी इतर पंचवीस जणांसह संतपद दिले. वसई परिसरात त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे, गास येथे त्यांच्या नावाचे चर्च आहे. निशिझाका टेकडीवर १९६२ मध्ये सव्वीस जणांचे भव्य शिल्प उभारण्यात आले. शिल्पकार फुनाकोशी यासुताके यांनी वेदनेचे चित्रण कटाक्षाने टाळले आहे. सव्वीसही आकृत्या एका रांगेत, जणू भूमीपासून किंचित वर उचललेल्या, शांतपणे उभ्या आहेत. मागे छोटे संग्रहालय आहे. नागासाकी रेल्वे स्थानकापासून हे स्थळ पायी पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस येथे येऊन गेले.

पुढे तोकुगावा घराण्याच्या राजवटीत १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. परकीयांशी व्यापार तर हवा, पण त्यांचा धर्म नको, या पेचातून नागासाकीने एक विलक्षण तोडगा काढला. खाडीत भराव घालून पंख्याच्या आकाराचे एक कृत्रिम बेट बांधण्यात आले. त्याचे नाव देजिमा. क्षेत्रफळ अवघे दीड हेक्टर! बँकेच्या ग्राहकांना रस वाटेल अशी बाब म्हणजे हे बेट सरकारी खर्चाने बांधलेले नव्हते. नागासाकीच्या पंचवीस व्यापाऱ्यांनी आपले भांडवल एकत्र केले, १६३६ मध्ये बेट पूर्ण झाले आणि परकीयांना ते भाड्याने दिले गेले. पोर्तुगीजांकडून वर्षाला ८० कान चांदी घेतली जाई. १६३९ मध्ये पोर्तुगीजांची हकालपट्टी झाली, १६४१ मध्ये त्यांच्या जागी डच आले आणि त्यांनी घासाघीस करून भाडे ५५ कानांवर आणले. म्हणजे तरीही सुमारे दोनशे किलो चांदी!

त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे युरोप आणि जपान यांच्यामधील अधिकृत व्यापाराचा दरवाजा म्हणजे हे इवलेसे बेट. दहा-पंधरा डच तेथे राहत. एका चिंचोळ्या पुलाने बेट शहराशी जोडलेले होते आणि पुलावर पहारा असे. वर्षाकाठी बटाव्हियाहून मोजकीच जहाजे मोसमी वाऱ्यांबरोबर येत. हीच डच कंपनी आपल्या वेंगुर्ल्यातही १६३७ पासून वखार थाटून बसली होती. त्या वखारीचे भग्नावशेष आजही पाहता येतात. जपानचे तांबे तिच्याच जहाजांतून भारताच्या बाजारपेठांत येई.

परंतु देजिमाचे खरे धन तांबे नव्हते, चांदीही नव्हती. ते होते तेथील दुभाषे. डचांना जपानी शिकण्यास उत्तेजन दिले जात नसे. तेव्हा डच शिकण्याचे काम नागासाकीच्या काही घराण्यांकडे वंशपरंपरेने आले. मुलगा बापाकडून भाषा शिके, उमेदवारी करी आणि पायरीपायरीने वर चढे. जहाजातील मालाच्या याद्या भाषांतरित करता करता ही मंडळी ग्रंथांकडे वळली. मोतोकी र्‍योएई या दुभाष्याने कोपर्निकसचा सूर्यकेंद्री सिद्धान्त जपानी भाषेत आणला. शिझुकी तादाओ याने न्यूटनचे गतिशास्त्र जपानीत उतरविले आणि गुरुत्वासाठी जो शब्द घडविला, तो आजही जपानी शाळांत शिकविला जातो. याच शिझुकीने १८०१ मध्ये देजिमावर राहून गेलेल्या केम्पफर या जर्मन वैद्याच्या निबंधाचे भाषांतर केले आणि त्यासाठी ‘साकोकु’, म्हणजे ‘कुलूपबंद देश’, हा शब्द योजला. जपानच्या त्या कालखंडाचे वर्णन पुढे त्याच शब्दाने होऊ लागले. देशाला कुलूप होते हे जगाच्या लक्षात आणून देणारा शब्द किल्ली जवळ असलेल्या माणसानेच दिला, हे मोठे मार्मिक आहे.

१८२३ मध्ये आलेल्या सिबोल्ड या वैद्याने तर शहरात नारुताकी येथे विद्यार्थी जमविले आणि पाश्चात्त्य वैद्यक शिकविले. त्याची व जपानी पत्नीची कन्या कुसुमोतो इने ही पुढे प्रसूतितज्ज्ञ म्हणून नावाजली.

देजिमा आज बेट राहिलेले नाही. आधुनिक बंदर बांधताना भोवती भराव पडत गेला आणि समुद्र दूर सरला. नागासाकीकरांनी मात्र जुने नकाशे व चित्रे यांच्या आधारे तेथील इमारती टप्प्याटप्प्याने पुन्हा उभ्या केल्या आहेत. कप्तानाचे निवासस्थान, साखरेची व तांब्याची गोदामे, स्वयंपाकघर हे सारे आत शिरून पाहता येते. २०१७ मध्ये शहरातून बेटावर नेणारा नवा पूलही झाला. हे पाहताना वसईचा किल्ला आठवल्याशिवाय राहत नाही. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये तो जिंकला. त्यानंतर दोनच वर्षांनी नागपूरकर भोसल्यांचे सैन्य भास्करपंतांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगढात, रतनपुरास पोहोचले. आपल्या पूर्वजांपैकी अनेकांच्या या प्रदेशातील वास्तव्याचा धागा त्या स्वारीपर्यंत मागे जातो. वसईचा विजय हा मराठ्यांच्या पराक्रमाचा कळस होता, यात शंका नाही. पण त्यानंतर बंदर म्हणून वसईचे महत्त्व ओसरत गेले आणि आज तेथे छप्पर नसलेल्या चर्चच्या भिंती आणि ताडांची झाडे दिसतात. नागासाकीने परकीयांशी वैर केले, त्यांना कोंडून ठेवले, परंतु एक पूल आणि त्यावरून ये-जा करणारे दुभाषे शाबूत ठेवले. दोन बंदरांच्या नशिबांत अंतर पडले ते येथे, असे मला वाटते.

१८५९ मध्ये बंदर पुन्हा सर्वांसाठी खुले झाले. थॉमस ग्लोव्हर हा स्कॉटिश व्यापारी त्याच वर्षी आला. त्याने १८६३ मध्ये टेकडीवर बांधलेले घर हे जपानमधील पाश्चात्त्य धर्तीचे सर्वांत जुने लाकडी निवासस्थान मानले जाते. त्याच्या ओसरीतून बंदर आणि पलीकडची जहाजबांधणी गोदी एका नजरेत येते. शेजारीच ओउरा चर्च आहे आणि आपल्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे, कारण फ्रेंच धर्मगुरूंनी १८६४ मध्ये बांधलेले हे चर्च निशिझाकाच्या त्या सव्वीस जणांनाच अर्पण केलेले आहे. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी खेड्यातील काही माणसे येथे आली आणि फादर पेतिजाँ यांना एका स्त्रीने हलक्या आवाजात सांगितले, की आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे. अडीचशे वर्षे, धर्मगुरूंवाचून, मंदिरावाचून, सात-आठ पिढ्यांनी गुप्तपणे आपली श्रद्धा जपली होती! कानोनच्या मूर्तीत त्यांनी मेरीमातेस पाहिले होते. बंदी अजून उठलेली नव्हती, त्यामुळे या धाडसाची शिक्षा झालीच. उराकामीच्या सुमारे ३,४०० जणांना हद्दपार करण्यात आले. १८७३ मध्ये बंदी हटली, तेव्हा ते परतले आणि त्यांनी वीट वीट जोडून आपले कॅथेड्रल उभारले.

ते कॅथेड्रल ज्या दरीत होते, त्याच उराकामी दरीवर ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी अणुबाँब फुटला. विमानाचे मूळ लक्ष्य कोकुरा शहर होते; तेथे ढग व धूर असल्याने ते नागासाकीकडे वळले. कॅथेड्रल स्फोटकेंद्रापासून सुमारे ५०० मीटरवर होते. त्या वर्षअखेरपर्यंत सुमारे ७४ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत कामगार होते, शाळकरी मुले होती, सक्तीने आणलेले कोरियन होते, युद्धकैदीही होते. उराकामीच्या सुमारे १२ हजार कॅथलिकांपैकी ८,५०० गेले. डोंगर आड आल्यामुळे जुने शहर, म्हणजे ओउरा चर्च, ग्लोव्हरचे घर, चिनी मंदिरे, बऱ्याच अंशी वाचले. ज्या भूरचनेने बंदरास आसरा दिला, तिनेच त्या दिवशी अर्धे शहर वाचविले आणि अर्ध्याची भट्टी केली.

स्फोटकेंद्रावर आज काळ्या दगडाचा साधा स्तंभ आहे. जवळच्या शांती उद्यानात कितामुरा सेइबो यांनी घडविलेला सुमारे दहा मीटर उंचीचा पुतळा आहे. वर उचललेला उजवा हात अणुसंकटाकडे निर्देश करतो, आडवा पसरलेला डावा शांततेची ग्वाही देतो. मला मात्र पुतळ्यापेक्षा सान्नो मंदिराची एका पायावर उभी असलेली दगडी कमान अधिक बोलकी वाटते. तिचा अर्धा भाग स्फोटात उडाला, उरलेला तसाच उभा राहिला. तेथील जळालेल्या कापूरवृक्षांना पुन्हा पालवी फुटली आणि ते आज डेरेदार झाले आहेत. बाँबमधून वाचलेल्यांची ‘निहोन हिदान्क्यो’ ही संघटना १९५६ मध्ये याच शहरात स्थापन झाली आणि २०२४ मध्ये तिला नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. कॅथेड्रल १९५९ मध्ये पुन्हा बांधले गेले. त्याच्या दोन घंटांपैकी एक ढिगाऱ्यातून साबूत निघाली होती. दुसरीची जागा अमेरिकेतील कॅथलिकांनी दिलेल्या नव्या घंटेने भरून काढली आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी, ऐंशी वर्षांनंतर, दोन्ही घंटा एकत्र निनादल्या.

नागासाकीस जाणे आता पूर्वीइतके दुर्घट नाही. रायपूरहून दिल्ली वा मुंबईमार्गे जपान गाठावे, तेथून फुकुओका. फुकुओकाहून ताकेओ-ओन्सेन येथे गाडी बदलून २०२२ मध्ये सुरू झालेल्या शिंकान्सेनने सुमारे दीड तासात नागासाकी येते. शहरात १९१५ पासून ट्राम धावते आणि कितीही अंतर गेले तरी भाडे एकच असते. बहुतेक सर्व प्रेक्षणीय स्थळे तिच्या वाटेवर आहेत. १६३४ मध्ये चिनी भिक्षूने बांधलेला दुहेरी कमानींचा मेगाने-बाशी, म्हणजे ‘चष्म्याचा पूल’, नदीत प्रतिबिंब पडले, की खरोखर चष्म्यासारखा दिसतो. बंदराबाहेर हाशिमा हे कोळशाच्या खाणीचे ओसाड बेट आहे. समुद्र शांत असेल तरच नाव लागते. तेथे काँक्रीटच्या भग्न चाळी पाहताना युद्धकाळात सक्तीने राबविलेल्या कोरियन व चिनी मजुरांची आठवण ठेवावी.

खाण्याचे थोडे जपून. ‘चाम्पोन’ ही चिनी वळणाची शेवयांची झणझणीत नव्हे पण भरगच्च थाळी, तीत डुकराचे मांस व मासळी असतेच. पोर्तुगीजांकडून आलेला ‘कास्तेरा’ हा केक अंड्याचा. अंडे चालत असेल त्याने तो अवश्य चाखावा. ऑक्टोबरच्या ७ ते ९ तारखांना सुवा देवस्थानाचा कुन्ची उत्सव असतो, त्यात चिनी पद्धतीचे ड्रॅगन नाचतात आणि डच जहाजाची प्रतिकृतीही रस्त्यावरून फिरविली जाते. त्या दिवसांत निवासाची सोय महिनोन्‌महिने आधी करावी लागते. सायंकाळी रोपवेने ३३३ मीटर उंचीच्या इनासा डोंगरावर जावे. खाडीच्या दोन्ही काठांवरील टेकड्यांवर घराघरांतून दिवे लागतात आणि मधले पाणी काळेभोर राहते. निशिझाका कोठे, उराकामी कोठे, देजिमा कोठे, हे त्या दिव्यांवरून ओळखता येते. परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ मात्र खाली असतानाच विचारून घ्यावी.